गावच्या बंद घरातला कॅमेरा: किल्ली नक्की कोणाकडे?

गणपती गेले, खळ्यातला मांडव उतरला, दाराला कुलूप लागलं की गावच्या घराची एक किल्ली शेजारच्या काकींकडे राहते आणि दुसरी मुंबईला जाते. हा हिशेब घरात सगळ्यांना तोंडपाठ असतो. पडवीतल्या कॅमेऱ्याचं लॉगिन कोणाकोणाकडे आहे असं विचारा, मग मात्र सगळे एकमेकांकडे बघतात.

कोकणातल्या घरांत इंटरनेटला जोडलेली उपकरणं साधारण तीन वाटांनी आली. चोरीच्या धास्तीने चार कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, आले. फायबर आलं म्हणून स्मार्ट टीव्ही, प्लग, बल्ब आले. बाग राखायला सिमवरचा सोलर कॅमेरा आणि पंपाचा मोबाइल स्टार्टर आला. परदेशात बसलेला हॅकर नेमका तुमच्याच घराच्या मागे लागलाय, असं सहसा होत नाही. होतात त्या दोन गोष्टी. एक, स्वयंचलित प्रोग्राम इंटरनेटभर दारं ठोठावत फिरतात आणि जिथे कंपनीने दिलेला पासवर्ड अजून चालतो तिथे शिरतात. दुसरी, ओळखीपाळखीच्या कोणाकडे तरी विसरलेलं लॉगिन पडून असतं. बंद घराला दुसरी जास्त महागात पडते, कारण आठ दिवस रिकामी पडवी पाहणाऱ्याला घरात कोणी नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुढची कामं अर्ध्या दिवसाची आहेत. घरी असतानाच करा, कारण यातली निम्मी मुंबईहून करताच येत नाहीत. जवळ हवं ते एवढं: मोबाइल, डीव्हीआरला लावायचा यूएसबी माउस, टीव्हीला जोडायची एचडीएमआय केबल, वही-पेन आणि राउटरचं रीसेट दाबायला एक टाचणी.

आधी खानेसुमारी

राउटरचं पान उघडा. पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा जिओच्या राउटरला १९२.१६८.२९.१. आत ‘कनेक्टेड डिव्हायसेस’ किंवा ‘क्लायंट लिस्ट’ अशी यादी मिळेल. प्रत्येक नावासमोर ती वस्तू घरात कुठे आहे ते वहीत लिहा. ‘एस्प्रेसिफ’ असं काही दिसलं तर दचकू नका, स्वस्त स्मार्ट प्लग-बल्बांतल्या चिपच्या कंपनीचं ते नाव आहे. एखादं नाव ओळखता आलं नाही तर एकेक उपकरण बंद करून यादीतून काय गळतं ते बघा. शेवटपर्यंत वारस न सापडलेलं नाव बहुतेकदा शेजारच्या पोराचा फोन निघतो. गणपतीत पासवर्ड दिलेला असतो, तो चालू राहतो.

सिमवर चालणाऱ्या वस्तू या यादीत दिसणार नाहीत. बागेतला कॅमेरा आणि पंपाचा स्टार्टर वहीत वेगळे लिहा, त्यांच्या सिमचे नंबर आणि रिचार्ज संपण्याच्या तारखेसकट.

खातं फिटरच्या नावावर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कॅमेरे बसवायला आलेला माणूस घाईत असतो, घरात ज्येष्ठ माणसं असतात, कोणाला ईमेलचा पासवर्ड आठवत नाही. मग तो स्वतःच्याच मोबाइलवर ॲप उघडतो, डीव्हीआरचा क्यूआर कोड स्कॅन करतो आणि तुम्हाला ‘शेअर’ करून देतो. तुमच्या फोनवर चित्र दिसतं, काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात मालक तो, तुम्ही पाहुणे. त्याचा हेतू वाईट असेलच असं नाही. पण त्याचा फोन हरवला, दुकान दुसऱ्याने घेतलं किंवा त्याचाच पासवर्ड फुटला, तर त्याने बसवलेली सगळी घरं एका झटक्यात उघडी पडतात.

ओळखायचं कसं? ॲपमध्ये डीव्हीआरच्या नावाजवळ ‘शेअर्ड’ किंवा ‘फ्रॉम’ अशी खूण दिसते का पाहा. सेटिंग्जमध्ये ‘शेअर’ करण्याचा पर्यायच नसेल तरी समजा की मालकी दुसरीकडे आहे. फिटरला फोन करून त्याच्या ॲपमधून डीव्हीआर ‘डिलीट’ करायला सांगा. त्याने काढल्याशिवाय बहुतेक ॲप तुम्हाला नव्याने जोडू देत नाहीत. फिटर सापडत नसेल तर डीव्हीआरला माउस आणि टीव्ही जोडून मेनूत नेटवर्कखाली ‘प्लॅटफॉर्म ॲक्सेस’ किंवा ‘पी२पी’ शोधा, तिथे ‘अनबाइंड’ मिळतं. तेही नसलं तर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून बिल आणि सिरियल नंबर देऊन मागणी करावी लागते. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून पहिल्या नंबरवर फोन करू नका. तिथे बसलेला माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगतो आणि कॅमेऱ्यावरून सरळ बँकेपर्यंत पोचतो.

मालकी आली की त्याच बैठकीत डीव्हीआरचं ‘यूजर’ पान उघडा. ॲडमिनखेरीज फिटरने केलेलं एखादं जास्तीचं नाव असेल, ते काढा. काही जुन्या डीव्हीआरमध्ये ८८८८८८ आणि ६६६६६६ अशी कारखान्यातूनच आलेली खाती असत. निघत नसतील तर त्यांचे पासवर्ड बदला. पासवर्ड विसरल्यावर वापरायचा ईमेल आणि गुप्त प्रश्नही तपासा. तिथे फिटरचा ईमेल राहिला तर नवा पासवर्ड तो केव्हाही रीसेट करू शकतो, आणि हीच जागा नेमकी राहून जाते. कॅमेऱ्यावर किंवा डीव्हीआरवर क्यूआरचं स्टिकर असतं, त्याच्यावर व्हेरिफिकेशन कोडही छापलेला असतो. सेटिंगमध्ये तो कोड बदला, स्टिकरचा फोटो काढून घ्या आणि मग वर चिकटपट्टी लावा.

आता भावकी. सामायिक घर असेल तर एकच लॉगिन सात चुलत भावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतं. कोणी काय डिलीट केलं ते कधीच कळत नाही आणि वाटणीवरून बिनसलं की पहिलं भांडण कॅमेऱ्यावरूनच होतं. प्रत्येकाला ॲपमधून स्वतंत्र ‘शेअर’ द्या, फक्त पाहण्यापुरतं. मागचं रेकॉर्डिंग पाहणं, आवाज ऐकणं, कॅमेरा फिरवणं हे अधिकार वेगळे देता येतात, ते ज्याला गरज त्यालाच. मुख्य खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि ते ज्या मोबाइल नंबरवर आहे तो वर्षानुवर्षे चालू राहील असाच निवडा. मालकी कोणाकडे ठेवायची हे सगळ्यांसमोर एकदा ठरवून टाका.

राउटर

राउटरला दोन पासवर्ड असतात आणि लोक एकच बदलतात. पहिला वाय-फायचा, दुसरा राउटरच्या आतल्या पानाचा. दुसरा ‘ॲडमिन-ॲडमिन’ राहिला तर वाय-फाय मिळालेला कोणीही पाहुणा सगळ्या सेटिंग बदलू शकतो.

वाय-फायचा पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर ठेवायची पद्धत गावोगाव आहे. त्याचं गणित पाहा. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. घराबाहेर रस्त्यावर उभं राहून एखादा फोन वाय-फायला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण पकडता येते, आणि मग ती घरी नेऊन पासवर्ड निवांत तपासता येतो. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख तपासतं. ४०० कोटी भागिले दहा लाख म्हणजे ४,००० सेकंद, तासाहून थोडा जास्त वेळ. तोही शेवटपर्यंत जावं लागलं तर. शिवाय तुमचा नंबर होमस्टेच्या पाटीवर छापलेला असेल तर तेवढंही करायला नको.

एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहा, मध्ये एखादा आकडा घाला. आडनाव, वाडीचं नाव, ग्रामदैवत, पिनकोड यांतलं काही नको. काही डीव्हीआर सोळापेक्षा जास्त अक्षरं घेत नाहीत, तिथे तीन शब्दांवर भागवा. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवायला हरकत नाही. इंटरनेटवरून येणारा चोर कपाट उघडत नाही आणि कौलं काढून शिरणाऱ्याला वही नको असते.

आतल्या पानावर आणखी चार गोष्टी. सुरक्षा डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए३ करा. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण दाबून किंवा पिन टाकून वाय-फायला जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्यांवरून ठरतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो. हे २०११ पासून जगजाहीर आहे, तरी कित्येक राउटरांवर ते अजून चालूच असतं. यूपीएनपी बंद करा. ते चालू असलं की घरातलं उपकरण तुम्हाला न विचारता राउटरमध्ये बाहेरचं दार उघडून घेतं. चौथं, ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे बाहेरून राउटरच्या सेटिंग बदलायची सोय, बंद. काही ऑपरेटरांच्या राउटरवर हे पर्याय दिसतच नाहीत, तेव्हा ऑपरेटरकडून करून घ्या.

मग ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करून टीव्ही, प्लग, बल्ब आणि वाय-फायचे कॅमेरे त्यावर टाका. फोन आणि लॅपटॉप मुख्य नेटवर्कवर. एखादा बल्ब बिघडलाच तर त्याला तुमचा लॅपटॉप दिसणार नाही, एवढाच हेतू. इथे हमखास अडतं ते तीन ठिकाणी. ही स्वस्त उपकरणं बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून गेस्ट नेटवर्क त्याच पट्ट्यावर ठेवा. तसाही ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल चिऱ्याच्या दोन भिंतींपलीकडे पडवीपर्यंत धड पोचत नाही. जोडणी करताना फोनही तेवढ्यापुरता गेस्टवर आणावा लागतो. आणि टीव्ही गेस्टवर गेला की मुख्य नेटवर्कवरच्या फोनवरून त्याच्यावर व्हिडिओ टाकता येत नाही. त्यासाठी वेगळी केलेली सेटिंग मोडू नका, फोनच गेस्टवर न्या. तारेने जोडलेला डीव्हीआर मात्र आहे तिथेच राहू द्या.

दार बाहेरून उघडं आहे का

काही फिटर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून ठेवतात, म्हणजे बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत यायचं दार राउटरमध्ये उघडतात, किंवा होमस्टेवाल्यांना स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, घ्यायला लावतात. आता ॲप पी२पीने चालतात, म्हणजे डीव्हीआर स्वतः आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. त्यासाठी बाहेरचं दार उघडायची गरज नाही. राउटरमधल्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या तक्त्यात ८०, ५५४, ८०००, ३४५६७, ३७७७७ असे आकडे दिसले तर त्या ओळी काढून टाका. काढल्यावर मोबाइल डेटावरून ॲप उघडून चित्र येतं का पाहा. बहुधा येतंच.

पडताळणी अशी. घरच्या वाय-फायवरून ‘व्हॉट इज माय आयपी’ शोधा आणि मिळालेला आकडा लिहून घ्या. आता फोनचं वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावर ब्राउझरमध्ये तो आकडा टाका. डीव्हीआरचं किंवा राउटरचं लॉगिन पान उघडलं तर दार उघडं आहे. राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर तुमचं कनेक्शन ऑपरेटरच्या सामायिक पत्त्यामागे आहे आणि त्या वाटेने बाहेरून कोणी येत नाही. पण तिथे आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू असेल तर प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळालेला असू शकतो, म्हणून राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे ना, तेवढं बघा.

उघड्या दाराचं काय होतं, ते २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रामने, दाखवलं. युजरनेम-पासवर्डच्या साठेक ठरलेल्या जोड्या, बस्स. तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांतले कित्येक २१ ऑक्टोबरला डाइन (Dyn) या, संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर एकदम सोडले. ट्विटर, नेटफ्लिक्स अशा सेवा कित्येक तास कोलमडल्या. मिराई फक्त मेमरीत राहायचा, वीज गेली की पुसला जायचा. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून चारदा लाईट जाते, म्हणजे कॅमेरा चारदा धुऊन निघतो, आणि पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत पुन्हा बाधतो.

पासवर्ड चांगला असूनही भागत नाही, त्याचं उदाहरण सप्टेंबर २०२१ चं. हिकव्हिजन या कॅमेऱ्यांच्या कंपनीच्या अनेक मॉडेलांत पासवर्डशिवाय ताबा घेता येईल अशी त्रुटी जाहीर झाली. कंपनीने दुरुस्ती काढली, पण भिंतीवर टांगलेल्या कॅमेऱ्यापर्यंत ती आपसूक पोचत नाही. ॲपमध्ये ‘फर्मवेअर अपडेट’, म्हणजे उपकरणातल्या मूळ प्रोग्रामची दुरुस्ती, वर्षातून दोनदा तरी पाहा. अपडेट चालू असताना लाईट गेली तर उपकरण कायमचं बसू शकतं. इन्व्हर्टरवर आणि पाऊस नसताना करा. नवा कॅमेरा घेताना बिल आणि बीआयएसचा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. एप्रिल २०२५ पासून भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या कसोट्यांवरची चाचणी सक्तीची आहे. बाजारात विनानावाचे अँड्रॉइड टीव्ही बॉक्स मिळतात, ‘सगळे चॅनेल फुकट’वाले. ते घेऊच नका. बॅडबॉक्स २.० या मालवेअरबद्दल एफबीआयने जून २०२५ मध्ये इशारा दिला, त्यातली कित्येक उपकरणं कारखान्यातूनच बाधित होऊन आलेली होती. पासवर्ड बदलून त्यांचं काही होत नाही.

बागेतला पंप

मोबाइल स्टार्टरकडे कोणी सुरक्षेच्या नजरेने पाहत नाही, पण माणसाच्या जिवाशी सरळ संबंध याचाच. तो ठरावीक नंबरच्या कॉलवर किंवा एसएमएसवर मोटार चालू-बंद करतो. काही स्टार्टरमध्ये एकही नंबर नोंदवला नसेल तर कोणाचाही कॉल चालतो. एसएमएसच्या आज्ञेत लागणारा चार आकडी कोड बहुतेकदा १२३४ असाच राहिलेला असतो. माहितीपत्रकात दिलेल्या एसएमएसने तो बदला, नोंदवलेल्या नंबरांची यादी मागवा आणि काम सोडून गेलेल्या राखणदाराचा नंबर काढा. स्टार्टरमधल्या सिमचा नंबर दुसऱ्या कुठल्याही कामाला देऊ नका. विहीर आटली असताना मोटार चालू झाली तर वाइंडिंग जळतं, म्हणून ड्राय-रन संरक्षण चालू ठेवा. मोटार उघडण्याआधी मेन स्विच खाली पाडून फ्यूज काढून खिशात टाका. मोबाइलवरून ‘बंद’ केलेली मोटार मुंबईतला कोणीही पुन्हा चालू करू शकतो.

होमस्टे असेल तर

तारकर्ली असो की हर्णै, पाहुण्यांचं वाय-फाय आणि डीव्हीआरचं नेटवर्क एक असता कामा नये. पाहुण्यांच्या नेटवर्कचा पासवर्ड दर महिन्याला बदला. खोल्यांत, बाथरूमच्या वाटेवर, न्हाणीच्या किंवा विहिरीच्या बाजूला कॅमेरा नकोच, बंद ठेवलेलाही नको. खाजगी अंगांचं संमतीशिवाय चित्रण हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घरातल्या आतल्या कॅमेऱ्यांना सरसकट बंदी घातली आहे. बाहेरच्या कॅमेऱ्यात शेजाऱ्यांची ओटी येत असेल तर सेटिंगमधल्या ‘प्रायव्हसी मास्क’ने तेवढा भाग काळा करा, आणि बाहेरचा माइक बंद ठेवा.

स्मार्ट लॉकला प्रत्येक बुकिंगचा वेगळा, मुदतीचा कोड द्या. साधी किल्लीही लागेल असंच लॉक घ्या. खाऱ्या हवेत बॅटरीचे टोक हिरवे पडतात आणि दार नेमकं रात्री अकराला उघडत नाही. पाहुणे गेले की टीव्हीवरची त्यांची खाती काढा, नाहीतर पुढचा पाहुणा आधीच्याचे फोटो बघत बसतो.

वीज कडाडल्यावर पुन्हा

एकदा केलेलं काम इथे एका पावसाळ्यापुरतं. वीज पडून राउटर जळला की ऑपरेटरचा माणूस नवा बसवतो, आणि त्यासोबत कंपनीची नावं, कंपनीचे पासवर्ड, चालू डब्ल्यूपीएस, चालू यूपीएनपी सगळं परत येतं. नव्या राउटरला नेटवर्कचं तेच नाव आणि तोच पासवर्ड दिलात तर सगळी उपकरणं आपोआप जोडली जातात, फक्त बाकीच्या सेटिंग पुन्हा बंद करा. डीव्हीआरचं घड्याळही बघा. आतला नाण्यासारखा सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि चोरीचं चित्रण पोलिसांना दाखवायच्या लायकीचं राहत नाही. सेल सहसा सीआर२०३२, किरकोळ किमतीचा. इंटरनेटवरून वेळ जुळवणारं ‘एनटीपी’ चालू करा आणि वेळ जीएमटी+५:३० ठेवा.

कोणी शिरलंय असं वाटलं तर

कॅमेरा आपोआप वळतो, ॲपमध्ये अनोळखी लॉगिन दिसतं, अपलोड वाढतं. शेवटची खूण मोजता येते. १ एमबीपीएसने अखंड बाहेर जाणारं एका कॅमेऱ्याचं चित्र दिवसाला सुमारे ११ जीबी होतं. रेकॉर्डिंग घरातच होत असेल आणि कोणी ॲप उघडत नसेल तर राउटरवर एवढं अपलोड दिसायला नको.

आधी नेटवर्कची तार काढा, वीज नको. रेकॉर्डिंग चालू राहतं आणि लॉगमधल्या नोंदी टिकतात. लॉगच्या पानाचे तारीख-वेळेसकट फोटो काढा, लागणारं चित्रण पेन ड्राइव्हवर घ्या. मग फॅक्टरी रीसेट, फर्मवेअर, नवे पासवर्ड याच क्रमाने. आधी पासवर्ड बदलून मग रीसेट केलंत तर बदल पुसला जातो. कोणी चित्रण दाखवून पैसे मागत असेल तर पैसे देऊ नका, मेसेज जपून ठेवा, सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०. चित्रण न्यायालयात जाणार असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा आकडी ठसा, द्यावं लागतं. म्हणून मूळ हार्ड डिस्क पुसू नका, ती बाजूला काढून नवी घाला.

जुना डीव्हीआर भंगारात देतानाही ती डिस्क आधी काढा. वरचं झाकण चार-सहा स्क्रूंवर असतं, डिस्क खालून चार. शेवटचे कित्येक दिवस तुमच्या ओटीवर कोण कधी आलं-गेलं ते सगळं तिच्यात असतं.